चार टक्के, नऊ टक्के

हिंगोली
१० जानेवारी २०२४

प्रिय रूपे,

फोन करता आला असता. पण आपण दोघी फोनवर बोलायला लागलो की आपले नवरे शेजारी येऊन बसतात आणि मग बाजारभाव सुरू होतो. शिवाय कागद समोर घेतला की मला अजून सिस्टर बेनेडिक्ता पाठीशी उभी आहे असं वाटतं. पाठ ताठ होते, अक्षर सरळ येतं.

परवा पुसेगावच्या लग्नात तुला बत्तीस वर्षांनी पाहिलं. केस पांढरे झालेत, पण ताटातली भाजी आधी संपवून मग भात घ्यायची सवय तीच. वसतिगृहात आपण दोघीच तांड्यावरून आलेल्या. तुझी खाट खिडकीजवळ, माझी दारापाशी. आठवतं, रविवारी घरी पत्र लिहायचं आणि ते सिस्टर आधी वाचायची? रडगाणं असलं की पत्र पोस्टात जायचं नाही, तिच्या टेबलाच्या खणात जायचं. एप्रिलमध्ये सुट्टीला निघताना ती प्रत्येकीला आपापला गठ्ठा निळ्या लोकरीने बांधून परत द्यायची. तुझा सगळ्यांत जाड! ‘बापू, मला घेऊन जा, इथे झोपताना कुणी गाणं म्हणत नाही.’ एसटीच्या मागच्या सीटवर बसून मी ते मोठ्याने वाचून दाखवलं होतं. किती हसलो होतो आपण.

आता मुद्द्याचं. प्रज्ञेशने त्या लग्नात तुझ्या शितलला पाहिलं आणि घरी येऊन मला म्हणाला, ‘आई, ती पाण्याचे पेले वाटणारी कोण?’ तीस वर्षांच्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या मुलीबद्दल विचारलं. मला तर वाटलं, देवाने आपल्या दोन खाटा पुन्हा जवळ सरकवल्या.

तू माझा हात धरून स्वतःहून सांगितलंस, की मागच्या ऑगस्टमध्ये शितलच्या हृदयावर हैदराबादला उपचार झाले. दुसरी आई असती तर दडवलं असतं. मला काही शंका नाही. फक्त नंतर काढलेल्या एमआरआयची ती डिस्क पाठवशील का? माझा धाकटा भाऊ पुनमचंद पुण्यात हेच फोटो वाचतो, तुला ठाऊक आहे. त्याने एकदा पाहिलं की प्रज्ञेशच्या वडिलांनाही बरं वाटेल. त्यांच्या स्वतःच्या हृदयाचे ठोके हल्ली अधूनमधून बिघडतात, त्यामुळे ते जरा हळवे झाले आहेत.

तुझीच,
संगी

—

तांडा, वसमतजवळ
२१ जानेवारी २०२४

प्रिय संगे,

तुझं पत्र तीनदा वाचलं. अक्षर अजून तसंच आहे, आखल्यासारखं.

डिस्क सोबत पाठवते आहे. आमच्या घरी यावरून थोडं वाजलं. शितलचे वडील म्हणाले, ‘फोटो काहून पाठवायचा? आपन हळद इकतानीसुदिक मूठभर नमुना दावतो. ह्या बाईला सगळं पोतंच फोडून पायजे व्हय?’ मी म्हटलं, ती माझी संगी आहे. मग त्यांनीच कपाटातून डिस्क काढून दिली.

तुला नीट कळावं म्हणून शितलने मला समजावलं तसंच लिहिते. तिच्या हृदयाच्या खालच्या कप्प्यात एक बारीक जागा होती, ती मध्येच अवेळी ठोका द्यायची. काम करता करता पोरगी भिंत धरून उभी राहायची. हैदराबादच्या डॉक्टरांनी मांडीच्या शिरेतून तार नेली आणि ती जागा जाळून गप्प केली. जाळलं तिथे वण राहतो. तो राहावा म्हणूनच जाळतात. बाकी हृदय चांगलं आहे ना, हे बघायला नोव्हेंबरमध्ये एमआरआय काढला, तोही तिच्याच सेंटरमध्ये. ती नांदेडला त्याच मशीनवर काम करते. दुसऱ्यांना नळीत झोपवणारी पोरगी स्वतः झोपली आणि बाहेर आल्यावर मला म्हणाली, ‘याडी, आतून लई आवाज येतो गं, मी पेशंटला उगाच रागावते.’

तेव्हापासून एकदाही ठोका चुकलेला नाही. लग्न, लेकरं, सगळं होईल असं डॉक्टरांनी लिहून दिलंय. तो कागदही ठेवला आहे.

प्रज्ञेशने तिला विचारलं हे तिला मी सांगितलं.  त्या रात्रीची भांडी तिने गाणं म्हणत घासली.

तुझी,
रूपा

—

हिंगोली
१८ फेब्रुवारी २०२४

प्रिय रूपे,

आनंदाची बातमी आधी. पुनमचंदने फोटो पाहिले. म्हणाला, वण आहे, पण हृदयाच्या स्नायूच्या चार टक्के. ‘ताई, चार म्हणजे काहीच नाही.’ मी म्हटलं, माझा सिझेरियनचा वण याहून मोठा असेल!

मुलं एकमेकांशी बोलतात, हे तुलाही कळलं असेलच. प्रज्ञेश पुण्याहून रोज जेवताना तिला फोन करतो. मी काही म्हणत नाही. आपल्याला कुणी असं बोलू दिलं होतं?

आता एकच विनंती, आणि तू ती वेडी म्हणून सोडून देऊ नकोस. गूळ खाण्याचा कार्यक्रम जरा थांबवू. एकदा दोन्ही तांड्यांच्या नायकांसमोर गूळ खाल्ला की सोयरीक पक्की, मग मागे फिरता येत नाही. सहा महिन्यांनी शितलचा आणखी एक फोटो काढू. तेवढाच वण दिसला की दुसऱ्या दिवशी मी गुळाची ढेप घेऊन तुझ्या दारात. माझा स्वभाव तुला माहीत आहे, चमचेसुद्धा दोनदा मोजते. सिस्टरनेच लावलेली सवय ना ती!

शितलला माझे पापे. तिला म्हणावं, सासू तुझी वाट बघते आहे.

तुझीच,
संगी

—

तांडा, वसमतजवळ
३ मार्च २०२४

प्रिय संगे,

सध्या हळद उकडायचं काम चालू आहे. अंगणभर वाफ, हात पिवळे, या कागदालाही डाग लागलाय, माफ कर.

दुसऱ्या फोटोचं मी शितलला सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘वण काय हळदीचं पीक हाय का, सा म्हयन्यात वाढायला?’ मग चिडून शहरी बोलायला लागली, ती चिडली की तसंच बोलते. ‘मी फोटोसाठीचं ते औषध पुन्हा शिरेत घेणार नाही. गरज नसताना कुणाला नळीत घालू नये, असं आम्हीच लोकांना सांगतो.’

मी तिला समजावलं. खरं सांगू, समजावलं नाही, हात जोडले. ती गच्चीवर फोनवर बोलताना हसते ना, ते मला खाली स्वयंपाकघरात ऐकू येतं. आजारपणात वर्षभर ते हसणं बंद होतं. त्या हसण्यासाठी मी सहा महिने काय, वर्षभर थांबेन.

ऑगस्टमध्ये डिस्क पाठवते. लग्नाची हळद मात्र आमच्याच शेतातली. यंदाची हळकुंडं मी वेगळी काढून ठेवली आहेत. दुसरीकडून घेतलीस तर भांडेन.

तुझी,
रूपा

—

हिंगोली
२४ ऑगस्ट २०२४

प्रिय रूपा,

 तू कशी सोसशील या विचाराने मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

तू पाठवलेली नवी डिस्क पुनमचंदने पाहिली. चारचे नऊ टक्के झाले आहेत. मी विचारलं, ‘तुझी काही चूक?’ तो म्हणाला, ‘ताई, वीस वर्षं हेच करतोय. मशीन खोटं बोलत नाही.’ वण वाढतो आहे, रूपा. तो आज नऊ आहे, तर पाच वर्षांनी किती असेल? बाळंतपणात काय होईल? मी प्रज्ञेशची आई आहे. मला माझ्या मुलाला तिशीत विधुर झालेलं बघायचं नाही. हे वाक्य लिहिताना मला किती दुखतंय, ते तूच समजू शकशील.

प्रज्ञेश सुट्टीला घरी आला, तेव्हा त्याला मी सगळं सांगितलं. दोन दिवस खोलीतून बाहेर आला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, तू म्हणशील तसं. किती गुणी आहे.

आणखी एक. तुमच्या तांड्याचे नायक वसराम इथे एका लग्नात भेटले होते. त्यांनी सोयरिकीचं विचारलं तेव्हा मी खरं तेच सांगितलं, की पोरीच्या काळजावर वण आहे आणि तो वाढतो आहे. उगाच दुसऱ्या कुणाची फसगत व्हायला नको. तुलाही ते पटेल, तू लहानपणापासून खरी.

आपली मैत्री यात आणू नकोस. ती याहून मोठी आहे. शितलला जवळ घे.

तुझीच,
संगी

—

तांडा, वसमतजवळ
५ सप्टेंबर २०२४

प्रिय संगे,

मी भांडणार नाही. फक्त विनवते, हे पत्र शेवटपर्यंत वाच.

मी आणि तिचे वडील शितलला घेऊन हैदराबादला जाऊन आलो. डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी शितलला तपासलं, चोवीस तासांची पट्टी छातीला लावून ठोके मोजले. एकही वाकडा ठोका नाही. ते म्हणाले, वणाच्या टक्क्यांवर लग्न मोडल्याचं मी पहिल्यांदा ऐकतोय. त्यांनी मला समजावलं ते असं : फोटोत औषध साचलेली जागा पांढरी दिसते. पांढरं संपतं कुठे आणि चांगला स्नायू सुरू होतो कुठे, तिथे रेघ नसते, तिथे राखाडी असतं. ती रेघ वाचणारा माणूस काढतो. एकाने जरा आतून काढली, दुसऱ्याने जरा बाहेरून, की चारचे सात होतात. औषध दिल्यावर दहा मिनिटांनी फोटो काढला की वीस मिनिटांनी, यानेही फरक पडतो. मोठ्या अभ्यासांतही दोन वाचणाऱ्यांचे आकडे जुळत नाहीत. म्हणून ते म्हणाले, आम्ही माणूस बघतो, मग फोटो.

संगे, माणूस बघ. ती पहाटे पाचला उठून नांदेडची बस पकडते. दिवसभर आडदांड पेशंट उचलून टेबलावर घेते.

 शितल एवढंच म्हणाली, ‘पुनमचंदमामांना म्हणावं, दोन्ही फोटो शेजारी ठेवून पुन्हा एकदा मोजा.’ तू तर चमचेसुद्धा दोनदा मोजतेस. एकदा, फक्त एकदा मोजायला लाव.

गच्चीवर आता कुणी जात नाही.

तुझी,
रूपा

—

हिंगोली
१४ नोव्हेंबर २०२४

प्रिय रूपे,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, रागावू नकोस.  पुनमचंदला पुन्हा मोजायला सांगणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं. सख्ख्या भावाला कसं सांगू? झालं ते झालं.

आता गोड बातमी. प्रज्ञेशचं ठरलं. मुलगी लातूरची, कॉम्प्युटर इंजिनियर, रंग उजळ, वडील मोठे अधिकारी. ‘हिचाही एमआरआय मागू का?’ असं मी गमतीने पुनमचंदला विचारलं, तर हसला. एवढ्या मोठ्या घरात असलं विचारायला जीभ रेटत नाही गं. हळद ११ डिसेंबरला, लग्न १२ला.

आणि इथे तुझी आठवण झाली. तू ती हळकुंडं वेगळी काढून ठेवली होतीस ना? बाजारातल्या हळदीत काय काय मिसळतात. मला माझ्या मुलाच्या अंगाला तुझ्याच शेतातली लागायला हवी. तू प्रेमाने ठेवली आहेस, ती वाया का घालवायची? तूच दळून पाच किलो पाठवशील का? तुझ्या जात्यावरची. तू यावंस असंही फार वाटतं, पण लोक काहीबाही बोलतील, शितललाही त्रास होईल, म्हणून आग्रह करत नाही.

आमच्या घरी आणखी एक सुख. प्रज्ञेशच्या वडिलांचंही जूनमध्ये हैदराबादला तेच झालं, तार घालून जाळण्याचं. त्यांचे ठोके वरच्या कप्प्यात बिघडायचे, म्हणून तिथल्या शिरांभोवती जाळून वणाची गोल कडी केली. तिथल्या डॉक्टरने रक्त पातळ ठेवायची गोळी चालूच ठेवा म्हणून सांगितलं आहे. पण त्या गोळीने यांच्या हिरड्यांतून रक्त येतं, दाढी करताना कापलं तर थांबत नाही, फार वैतागले आहेत. म्हणून मागच्या आठवड्यात पुण्यात एमआरआय काढला. पुनमचंदने पाहिला आणि सांगितलं, ‘दाजी, वणाची कडी पूर्ण बसली आहे, कुठे फट नाही. गोळी सोडा.’ ते म्हणतात, हळदीच्या दिवशी सकाळी शेवटची घेणार आणि डबा सिद्धेश्वरच्या पाण्यात टाकणार. चोवीस वर्षं त्या धरणावर इंजिनियर होते ना, सगळ्या गोष्टी तिथेच नेऊन टाकतात!

असा भाऊ असणं म्हणजे नशीबच.

तुझीच,
संगी

—

तांडा, वसमतजवळ
२५ नोव्हेंबर २०२४

प्रिय संगे,

हळद दळली. पाच किलो, दोनदा चाळून, सुती पिशवीत. वसमतहून हिंगोलीला जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे दिली आहे, स्टँडवर कुणाला तरी पाठव.

वधूवरांना आशीर्वाद. गुलाबसिंग भाऊजींना नमस्कार.

रूपा

—

हिंगोली
१९ जानेवारी २०२५

रूपे,

कुणाला लिहू, कळत नाही. म्हणून तुला लिहिते.

दोन तारखेला सकाळी हे दाढी करत होते. आरशासमोर उभे. मी चहा घेऊन गेले तर वस्तरा खाली पडलेला, उजवा हात लोंबत होता आणि तोंड वाकडं. मी म्हटलं, ‘अहो, काय झालं?’ ते माझ्याकडे पाहून काहीतरी बोलले, पण ते शब्द नव्हते. नांदेडला नेईपर्यंत तीन तास गेले. हृदयात रक्ताची गुठळी झाली आणि ती मेंदूत गेली म्हणतात.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘गोळी कुणी बंद केली?’ मी भावाचं नाव सांगितलं. ती म्हणाली, ‘एमआरआयमधला वण बघून गोळी बंद करत नाहीत हो. त्या कप्प्याची भिंत कांद्याच्या पापुद्र्याएवढी असते.’ सगळ्यांसमोर म्हणाली.

पुनमचंद दोनदा येऊन गेला. आता फोन उचलत नाही. प्रज्ञेश आणि सून आठ दिवस राहिले, मग सुट्टी संपली. सून म्हणाली, ‘घरी बाई ठेवा ना, ममा.’

ते आता एकच शब्द बोलतात. ‘पाणी.’ भूक लागली तरी पाणी, राग आला तरी पाणी. मी भरवायला गेले तर माझा हात ढकलून म्हणतात, पाणी, पाणी. धरणावरचा माणूस गं.

रूपे, असं कसं झालं? फोटो चुकला कसा? त्याचा शितलच्या वेळी चुकला नाही, यांच्याच वेळी कसा चुकला? मला झोप नाही. यांची डिस्क मी ठेवली आहे. शितल तेच काम करते. तिला एकदा पाठव ना. ती बघेल, मला खरं सांगेल. मी तिचे पाय धरीन. तूही ये. आपण दोघी पूर्वीसारखं एका खोलीत झोपू.

तुझीच,
संगी

—

तांडा, वसमतजवळ
२ फेब्रुवारी २०२५

संगे,

शितल येणार नाही. मीही येणार नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र देते.

त्याचा फोटो शितलच्या वेळीही चुकला होता. तेव्हा फक्त आम्हाला कळलं, तुला कळलं नाही.

दिवाळीच्या अवसेला आपल्या लग्न न झालेल्या पोरी दिवा घेऊन घरोघर ओवाळत मेरा मागत फिरतात, तुला आठवत असेल. आपणही फिरलो आहोत. यंदा शितल सगळ्यांत थोरली होती. बाकीच्या पंधरा-सोळा वर्षांच्या. नानीबाईच्या दारात गेली तर म्हातारी म्हणाली, ‘ह्या वर्षीबी तूच म्होरं गं? तुजं काळीज वाढून राह्यलंय म्हणत्यात, खरं हाय का?’ वसराम नायकांकडून सगळ्या तांड्याला ठाऊक झालं होतं. दोन स्थळं दारातूनच परत गेली होती. शितल दिवा घेऊन घरी आली, तो विझवला आणि मला म्हणाली, ‘याडी, दुसरा फोटो मी काढलाच न्हवता.’

जुन्याच फोटोवर तिने नवी तारीख घातली होती. मशीन तिच्या हातातलं. गरज नसताना ते औषध तिला शिरेत घ्यायचं नव्हतं. आणि तिला बघायचं होतं, मामा काय म्हणतात. ऑगस्टमध्ये तू ‘नऊ’ लिहिलंस, तेव्हा ती माझ्या शेजारी उभी राहून वाचत होती. तेच हृदय, तोच दिवस, तोच फोटो. फेब्रुवारीत चार, ऑगस्टमध्ये नऊ. तोच माणूस, तीच वीस वर्षं. मी तिला विचारलं, तेव्हाच का बोलली नाहीस? ती म्हणाली, ‘बोलले असते तर नोकरी गेली असती. तीही घालवली असती, पण प्रज्ञेशने एकदा तरी फोन करून विचारायचं होतं, तुझा ठोका कसा आहे. त्याने टक्के विचारले नाहीत, ठोका विचारला नाही, काहीच विचारलं नाही. मग कुणासाठी बोलू?’

हे झालं शितलचं. आता माझं.

तुझं चौदा नोव्हेंबरचं पत्र आलं त्या दिवशी ती सुट्टीवर घरी होती. मी हळदीचं वाचून कागद खाली ठेवला. तिने उचलून पुढचं वाचलं, भाऊजींच्या गोळीचं. ती उठून उभीच राहिली. ‘याडी, आत्ता लिही. माझं नाव घाल, तारीख बदलली ते घाल, नोकरी गेली तर गेली. त्यांना गोळी सोडू देऊ नको.’ मी लिहिलं. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. ती नांदेडला जाताना टाकणार होती. मी म्हटलं, मी टाकते.

संगे, मी वसमतला गेले. पोस्टाच्या पेटीपाशी उभी राहिले. पिशवीत दोन गोष्टी होत्या, हे पाकीट आणि हळदीसाठी घेतलेली नवी चाळण. चाळणीकडे माझं लक्ष गेलं. जी हळकुंडं मी पोरीसाठी वेगळी ठेवली, ती मी आता तुझ्या सुनेसाठी चाळणार होते. कारण तुला वाया घालवायची नव्हती. मी पाकीट पुन्हा पिशवीत ठेवलं आणि घरी येऊन गव्हाच्या डब्यात लपवलं. उद्या टाकू म्हटलं. मग परवा. अकरा तारखेला सकाळी मी उठले तेव्हा मला आठवलं, आज ते शेवटची गोळी घेत असतील. मी चूल पेटवली आणि भाकरी केल्या.

गोळी चालू असती तर हे टळलंच असतं, असं छातीठोक कुणी सांगणार नाही. शितलही म्हणत नाही. तुझं हे पत्र वाचून ती एवढंच म्हणाली, ‘आपण कळवलं होतं ना? तरी मावशींनी ऐकलं न्हाई?’ मी मान हलवली. ती समजते, तू वाचूनही ऐकलं नाहीस. तुझी तिला कीव येते. मी तिला खरं सांगणार नाही. तुला सांगायचं असेल तर सांग, तुझ्यावर ती विश्वास ठेवणार नाही.

भाऊजींबद्दल मला वाईट वाटतं का? वाटतं. त्यांनी माझं काही बिघडवलं नव्हतं. तुझ्याबद्दल वाटतं का, ते मी रोज स्वतःला विचारते. 

सिस्टर एप्रिलमध्ये गठ्ठा परत द्यायची. तू माझी पत्रं मोठ्याने वाचायचीस. हे एक तुझ्या नावाचं माझ्या खणात राहिलं होतं. लोकर निळी मिळाली नाही, पिवळा दोरा बांधला आहे.

रूपा

—

तांडा, वसमतजवळ
२० नोव्हेंबर २०२४

प्रिय संगे,

आधी हे वाच, मग रागाव. भाऊजींची गोळी बंद करू देऊ नकोस.

पुनमचंदने शितलचा एकच फोटो दोनदा वाचला आहे. दुसरा आम्ही काढलाच नव्हता, तारीख बदलली होती. तो आमचा अपराध, आम्ही कबूल करतो. पण एकाच फोटोत त्याला एकदा चार दिसले आणि एकदा नऊ. तो वाईट माणूस नाही, फोटोच तसा असतो. शितल सांगते, खालच्या कप्प्याची भिंत जाड असते तरी एवढा फरक पडतो. भाऊजींचं वरच्या कप्प्याचं आहे, तिथली भिंत कांद्याच्या पापुद्र्यासारखी. त्यात ‘कडी पूर्ण आहे’ असं कुणीच खात्रीने म्हणू शकत नाही. आणि कडी पूर्ण असली तरी गोळी त्यावर ठरत नाही, वय आणि रक्तदाब बघून ठरते. हैदराबादच्या डॉक्टरांना फोन कर. हिरड्यांतून रक्त येतं तर ते दुसरी गोळी देतील. पण सोडू देऊ नकोस. भाऊजी हट्टी आहेत, तू डबा लपवून ठेव आणि रोज सकाळी स्वतःच्या हाताने दे.

तुझ्यामुळे माझं मन खूप दुखावलं आहे. ते मी नंतर कधीतरी सांगेन, समोर बसून. तू रडशील, मीही रडेन. पण त्याचा आणि याचा संबंध नाही.

हळद दळायला घेते. लग्न नीट होऊ दे.

शितल म्हणत होती, मी नांदेडला जाताना टाकते. मीच नको म्हटलं. एवढं महत्त्वाचं पत्र, मी स्वतः वसमतला जाऊन पेटीत टाकते.

तुझीच,
रूपी